हजारीचा हिशोब

वूच म्हणायचं. लिहितात वेगळंच.
अंबादासनं तीनदा सांगितलं तेव्हा माझी जीभ वळली.
तिथंही कापडाच्या गिरण्या होत्या म्हणे, आपल्यासारख्या,
तिथलेही भोंगे बंद पडले.
एका गिरणीत आता बाजार भरतो, काचेच्या दारांचा.
आपल्या गिरणीत बाभळी.

तो तिथं गोदामात खोकी लावतो.
मी इथं घरकुलात, मांडीवर सूप घेऊन,
पत्र्याच्या मापानं पानं कापते.

त्यांच्या रुपयाला झ्लॉटी म्हणतात,
एकाला आपले चोवीस.
चोवीसचा पाढा मला येत नाही.
मला हजारी येते:
हजार विड्या वळल्या की अडीचशे हातात,
मास्तरनं छाट काढली तर तेवढेही नाहीत.
म्हणून फोनवर तो काहीही सांगू दे,
मी त्याच्या विड्या करते.

लिटरभर दूध? जवळजवळ चारशे विड्या.
कांदा किलोला तेवढाच.
खोलीचं भाडं त्यानं सांगितलं
आणि मी सूप खाली ठेवलं.
एक लाख पंधरा हजार.
‘माणसं राहतात का देव, त्या खोलीत?’
‘मी आणि एक नेपाळी. अर्धं अर्धं.’

मग एका रविवारी म्हणाला, केस कापले. सत्तर.
यल्लुबाईच्या नातवानं मोबाईलवर गुणून दिलं:
पावणेसात हजार विड्या!
आठवडाभर मी मान मोडायची
तेव्हा याच्या मानेवरचं जंगल निघायचं.
‘टक्कल कर,’ म्हटलं, ‘नाहीतर जटा वाढव.’

हसला नाही.
‘अम्मा, गुणू नको. वेळ मोज.
मला तासाला पंचवीस पडतात.
सत्तर म्हणजे तीन तासाला थोडं कमी.
आपला सिद्राम किती घेतो आता?’
‘ऐंशी.’
‘ऐंशीच्या विड्या किती?’
‘तीनशे वीस.’
‘वळायला किती वेळ?’

घड्याळ लावून कोण वळतंय?
त्या दिवशी लावलं.
तीन तास, पाच मिनिटं कमी.

सूप तसंच मांडीवर राहिलं.
एवढं विमानानं जाऊन
मुलाचं डोकं त्याच भावात.

तेव्हापासून मी तासच मोजते.
दूध त्याला दहा मिनिटं, मला दोन तासाच्या वर.
गॅसची टाकी मला चार दिवस.
दाढ काढायची तर त्याला सोळा तास,
मला सिव्हिलमध्ये दहा रुपये आणि अर्धा दिवस बाकावर.
त्यानं दाढ काढली नाही. लवंग धरलीय तोंडात,
लवंग मीच पाठवली होती,
पार्सलचे पैसे सांगत नाही.
त्याच्या नळाला पाणी सदाचं.
माझ्या नळाला पाचव्या दिवशी, रात्री तीनला,
घागरी मांडून जे जागते
ते तास कुठल्या देशाच्या खात्यात टाकायचे
ते त्यालाही सांगता आलं नाही.

गड्ड्याच्या जत्रेला आला, दोन वर्षांनी.
दारात मी त्याला ओळखलं, शेजारणींनी नाही.
केस खांद्यापर्यंत.
‘तिकडं चार महिने हात लावला नाही,’ म्हणाला,
‘बारा तास वाचवले.’
दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्रामच्या खुर्चीत बसला.
मी मटकीची पिशवी घेऊन दारातच उभी.
सिद्रामनं पांढरं कापड झटकलं, मानेशी खोचलं,
पाणी फवारत विचारलं,
‘काय रे, तिकडं कटिंगला किती?’

अंबादासनं आरशातनं माझ्याकडं बघितलं.
‘तीन तास.’

सिद्रामची कात्री हवेतच थांबली.
‘एवढी गर्दी असतीय?’